आज्याची लढाई आणि आपली पोरे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



समितीने मला विषय दिला होता 'आपल्या पलटणीचा शौर्याचा इतिहास'. मी तयारीही केली होती. पण तयारी करता करता माझ्याच घरातली एक गोष्ट आडवी आली, आणि मी अध्यक्षांना विचारून विषय थोडा फिरवला. शौर्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतात. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस, तीस वर्षे सूतगिरणीच्या रिंगफ्रेम खात्यात धागे सांधतो आहे. जे काही वाचले ते रात्रपाळीनंतर, आपल्या विहाराच्या कपाटातले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पोरांना तो माहीत पाहिजे. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला आपली माणसे लढली. पुढे त्याच इंग्रजांनी १८९० नंतरच्या काळात आपली भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडून टाकली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते, म्हणून मिल्ट्रीची नोकरी आपल्या समाजासाठी काय आहे हे बाबासाहेबांना घरातूनच माहीत होते. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसे होती. त्यात आपले हजारो होते, खान्देशातले होते, आणि त्यातलाच एक माझा आजा.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२२ जानेवारी २०२५ चा दिवस जळगाव जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. पाचोऱ्याजवळ माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या मध्ये पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. कोणी साखळी ओढली, घाबरलेली माणसे खाली रुळावर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. दहापेक्षा जास्त जीव गेले. त्या संध्याकाळी मी पहिल्या पाळीवरून येऊन धुळ्याच्या घरी चहा घेत होतो आणि टीव्हीवर ते चालू होते. माझे वडील पंचाहत्तरी ओलांडलेले, खाटेवर बसून बघत होते. एकदम उठले. दाराला आतून कडी घातली. लाइट घालवला. आणि अंधारात कोपऱ्याला पाठ लावून बसून म्हणाले, "गाडी उनी, पन कोनीच उतरनं नही."

आम्हाला वाटले, बीपी वाढला. मी पाणी दिले. थोड्या वेळाने त्यांचे त्यांनाच कळले आणि ते ओशाळले. हे काय बोललात म्हणून विचारले तर म्हणाले, "तुझा आजा झोपेत असा ओरडायचा. मला त्याचा अर्थ माहीत नाही."

अर्थ माझ्या मायला माहीत होता. तिला तिच्या सासूने सांगितला होता, तोसुद्धा एकदाच. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता माय ते बोलली. पन्नासच्या वर वर्षे हे दोघे एका घरात नांदले. एकाला वाक्य माहीत, दुसरीला अर्थ, आणि एकमेकांशी त्यावर शब्द नाही!

आमचे मूळ गाव चाळीसगाव-पाचोरा लाइनीवर, कजगावच्या पुढे. महारवाडा रुळापासून हाकेच्या अंतरावर. आजा १९४३ ला भरती झाला तेव्हा अठरा-एकोणीसचा असेल. बाबासाहेबांचा शब्द होता हे खरे, पण घरात दाणा नव्हता हेही तितकेच खरे. महायुद्ध संपले तरी त्याला घरी सोडले नाही. आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये त्याची पलटण पंजाबात होती.

पंजाबात तेव्हा काय चालले होते ते आपण शाळेत दोन ओळींत शिकलो. फाळणीची रेघ ओढली गेली आणि दोन्ही बाजूंची मिळून कोटीभरापेक्षा जास्त माणसे घर सोडून निघाली. मेले किती याचे आकडे दोन लाखांपासून दहा लाखांच्या वर सांगतात, म्हणजे मोजायलाही कोणी उरले नाही असे समजा. बारा जिल्ह्यांत शांतता ठेवायला पंजाब बाउंड्री फोर्स म्हणून एक फौज केली होती, जनरल रीस तिचे प्रमुख. १ ऑगस्टला ती कामाला लागली आणि महिनाभरात मोडावी लागली, कारण ते काम तिच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या फौजेत महार रेजिमेंटच्या पलटणी होत्या. ही फौज मोडल्यावरही निर्वासितांचे तांडे आणि गाड्या यांच्या बंदोबस्ताचे काम जवानांना होतेच. आपला जवान ना हिंदू जमावाचा, ना मुसलमान जमावाचा, ना शिखांचा. म्हणून त्याच्यावर दोन्हीकडच्या निर्वासितांना भरवसा ठेवता आला असेल असे मला वाटते. पण मधे उभा राहणारा माणूस दोन्हीकडचे बघतो.

आज्याने आजीला सांगितले होते ते एवढेच. एका स्टेशनावर त्याची तुकडी फलाटावर उभी होती. निर्वासितांसाठी पाण्याचे पिंप भरून ठेवले होते. गाडी आली, थांबली. वाफेचा आवाज बंद झाला. आणि कोणीच उतरले नाही. मग त्यांना डब्यात चढायला सांगितले. याच्या पुढे त्याने आजीलाही काही सांगितले नाही आणि आजीने विचारले नाही.

१९४८ ला तो परत आला. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा तो वारला, म्हणून मला तो आठवतो. अंगणात भिंतीला पाठ लावूनच झोपायचा. त्याला उठवायचे असले तर आजी लांबून काठीने पायाला डिवचायची, जवळ जायची नाही. आम्हा पोरांना वाटायचे सगळ्यांचे आजे असेच उठतात. रात्री दोन-अडीचला एक गाडी जायची. आजा उठून रुळापर्यंत चालत जायचा आणि गाडीच्या खिडक्या बघायचा. उजेड दिसला, माणसे दिसली, की परत येऊन झोपायचा. मालगाडी असली की पहाटेपर्यंत बसून राहायचा. गावाने म्हटले याला बाहेरचे लागले. भगताकडे नेले, कोंबडे कापले. नंतर दारू आली.

पण ज्या गोष्टीने आमच्या घराला खरी जखम केली ती वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेला आमच्या गावातून माणसे निघाली. आजा त्यात पुढे होता. धोतर धुऊन ठेवलेले, भाकऱ्या बांधलेल्या. स्टेशनावर सगळे गेले, गाडी आली, आणि आजा फलाटावरून मागे फिरला आणि घरी आला. गावात बोलबाला झाला, पलटणीचा शिपाई पाटलाला भ्याला, देव सोडायला भ्याला. पुढे त्याने जवळच्या गावी दीक्षा घेतली, पण तो डाग काही गेला नाही. माझे वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे. 'भित्र्याचा पोऱ्या' हे त्यांनी शाळेच्या वाटेवर किती ऐकले असेल त्याची गणती नाही. तो पाटलाला नव्हे, गाडीत चढायला भ्याला होता, हे वडिलांना वयाच्या पंचाहत्तरीनंतर कळले. मी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "मला कोनी सांगितलं का नाही?"

वडिलांनी मग काय केले? त्यांनी घरात भीतीवर बंदी घातली. ते धुळ्याला गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, दारूला शिवले नाहीत, बाबासाहेबांचा फोटो आणि शिस्त. माणूस सोन्यासारखा. पण घरात कोणी घाबरायचे नाही. मी अंधाराला भ्यालो तर मला रात्री अंगणात उभे करायचे. रडलो तर जास्त वेळ. त्यांच्या पावलांचा आवाज आला की आम्ही चौघे भावंडे बोलणे थांबवायचो. मोठे झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी घरी आलो की माझी पोरेही बोलणे थांबवतात. मी तर हातही उगारत नव्हतो! तरीही.

आता माझ्या मुलाचे सांगतो. त्याची परवानगी घेऊन सांगतो, तो इथेच बसला आहे. आज्याची दोन पदके आमच्या पेटीत आहेत. एक महायुद्धाचे, एक १५ ऑगस्ट १९४७ ला फौजेत असणाऱ्यांना मिळालेले स्वातंत्र्याचे. प्रत्येक १ जानेवारीला मी ती काढतो, पितांबरी लावून घासतो आणि मुलाला म्हणायचो, तू सैनिकाचा पणतू आहेस. बारावीनंतर तो भरतीच्या मागे लागला. पहाटे चारला उठून बायपासवर पळायचा, आपल्याकडची शेकडो पोरे पळतात तसा. आता भरती अग्निवीरची आहे, २०२२ पासून. चार वर्षांची नोकरी, त्यातली शंभरात जास्तीत जास्त पंचवीस पोरे पुढे ठेवणार. तरी पोरे पळतात, कारण दुसरे काय आहे? सोळाशे मीटरच्या धावण्यात तो दोनदा थोडक्यात राहिला. दुसऱ्यांदा राहिला तेव्हा मी त्याला बोललो. काय बोललो ते इथे सांगत नाही. त्यात 'भित्रा' हा शब्द होता.

त्यानंतर त्याने खोलीबाहेर येणे सोडले. रात्री छाती धडधडायची, श्वास कोंडायचा, हातपाय गार पडायचे. दोनदा मध्यरात्री रिक्षाने दवाखान्यात नेले. कार्डिओग्राम चांगला. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही नाही, मानसोपचार विभागात दाखवा. मी चिडलो. माझा मुलगा वेडा आहे का? माझी बायको शहाणी, तिने मला न विचारता नेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्या घरात घाबरल्यावर कोणाला सांगायचे? पोरगा म्हणाला, आमच्याकडे कोणी घाबरत नाही.

हे त्याने मला घरी येऊन सांगितले आणि मग मी वाचायला लागलो.

मित्रहो, हा आजार शिपायांना होतो हे पहिल्या महायुद्धातच दिसले होते. तोफांच्या माऱ्यातून आलेले गोरे शिपाई थरथर कापायचे, मुके व्हायचे. १९१५ ला इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'शेल शॉक' म्हटले, पण भित्रे म्हणून कित्येकांना शिक्षाही झाल्या. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे हा प्रश्न पुन्हा मोठा झाला आणि १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी त्याला आजार म्हणून आपल्या ग्रंथात नाव दिले. म्हणजे आमचा आजा ज्या आजाराने तीसेक वर्षे जागला, त्याचे ते नाव तो मरायच्या एक वर्ष आधी छापले गेले. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंची मुले कॅनडाच्या डॉक्टरांकडे यायला लागली, तेव्हा १९६६ च्या सुमारास राकॉफ नावाच्या डॉक्टरांनी लिहिले की छावणी न पाहिलेल्या या मुलांची अवस्था कधी कधी पाहून आलेल्या आईबापांपेक्षा वाईट आहे. २०१८ ला अमेरिकेतला एक अभ्यास आला. तिथल्या यादवी युद्धात कैदेत अतोनात हाल सोसलेल्या सैनिकांना नंतर झालेले मुलगे इतरांपेक्षा लवकर मेलेले आढळले. हे रक्तातून येते की वागण्यातून, यावर शास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाही आणि मी त्यात पडत नाही. मला माझ्या घरात दिसले ते असे की आज्याची भीती वडिलांकडे शरम होऊन गेली, माझ्याकडे शिस्त होऊन आली, आणि मुलाच्या छातीत पुन्हा भीती होऊन बसली.

एका कार्यकर्त्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो रागावला. म्हणाला, आपल्या पोरांचे दुःख जातीमुळे आहे, बेकारीमुळे आहे, तू युद्धाचे काय घेऊन बसलास? त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. आजा पंजाबातून परत आला तेव्हा गावाने त्याला पदक बघून ओट्यावर बसवले नाही. मेलेले ढोर ओढायला बोलावणे आले. महारकीची वतने कायद्याने बंद व्हायला १९५८ उजाडले. पंधरा वर्षे सेवा नाही म्हणून पेन्शन नाही. युद्धाची जखम कोणत्याही माणसाला होते, पण तिच्यावर फुंकर घालणारे गाव ज्याला नाही त्याची जखम चिघळते. जात बाजूला ठेवून मी हे बोलत नाही. जातीने त्याचे बोलणे बंद केले, एवढे मी त्यात जोडतो आहे. ज्याला चावडीवर उभे राहायची बंदी, त्याने आपले दुःख कुठे उभे राहून सांगावे?

आणि थोडा दोष आपलाही आहे. आपण दरवर्षी कोरेगावला जातो, खान्देशातून गाड्या भरून जातो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले तेव्हापासूनची ही प्रेरणा आहे आणि ती राहिलीच पाहिजे. स्तंभावर पडलेल्यांची नावे आहेत. जे जगून घरी परतले त्यांच्या घरात रात्री काय झाले, ते कुठे कोरलेले नाही. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ला धारातीर्थी पडलेले, परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महारचे. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण त्याच श्रीलंकेतून परत आलेले जवान आज साठीच्या घरात आहेत. आपल्या वस्त्यांतही असतील. त्यांना कधी कोणी विचारले का, की दादा, झोप लागते का? आपण विचारतो कॅन्टीनचे कार्ड आहे का म्हणून. (हशा झाला होता, पण मी गमतीने बोललो नव्हतो.)

धम्मात याला जागा आहे का, असे एका ताईंनी मला विचारले. मला तर वाटते सुरुवातच तिथून आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये म्हातारा, रोगी, प्रेत ही कथा मानली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्ध पेटणार होते, सिद्धार्थाने संघात त्याला विरोध केला, आणि त्यातून गृहत्याग झाला, असे त्यांनी मांडले. आणि संयुत्त निकायात एका लढवय्या गावप्रमुखाची गोष्ट आहे. तो भगवंतांना विचारतो, लढता लढता मेलेला योद्धा स्वर्गात जातो असे आमचे पूर्वीचे गुरू सांगतात, आपले काय मत? भगवंत दोनदा सांगतात, हे विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर खरे ते सांगतात, की तसे नाही. तो योद्धा रडतो. आणि म्हणतो, आपल्या उत्तराने मी रडत नाही, इतके दिवस मला फसवले गेले म्हणून रडतो. स्वर्ग-नरकाचे मी बाजूला ठेवतो. पण एवढा मोठा लढवय्या सगळ्यांसमोर रडला आणि आपल्या ग्रंथांनी ते झाकले नाही. आमच्या घरात ते झाकले गेले.

मुलाचे सांगायचे राहिले. सात-आठ महिने गोळ्या आणि बोलणे असे दोन्ही चालले. सुरुवातीचे काही दिवस गोळीने सुस्ती यायची, तेव्हा मी बंद कर म्हणत होतो, तेही चुकीचेच. आता तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचे करतो. पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण परवा रात्री त्याने मला उठवून सांगितले, "पप्पा, भीती वाटते." मी उठून त्याच्याजवळ बसलो. काय बोलावे ते मला सुचले नाही, नुसता बसलो. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदा झाले.

समितीसमोर मी एक गोष्ट ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तासभर जुनी माणसे बोलतील. पलटणीचेच असे नाही. आजी-आत्यांनी यावे, कारण माझ्या घरात खरे ते बाईमाणसालाच माहीत होते. कोणी मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचे नाही. ज्याला बोलायचे नसेल त्याने नुसते बसावे, त्याला कोणी आग्रह करू नये. जुन्या जखमा उकरून काढायचा हा कार्यक्रम नाही. आणि ज्यांच्या घरात एखादे पोर झोपत नाही, जेवत नाही, जीव नकोसा झाला असे बोलते, त्यांनी पौर्णिमेची वाट पाहू नये. भगताकडे तर नाहीच. धुळे-जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस फोन २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नंबर खाली फलकावर लिहिला आहे, पोरींनी वहीत उतरवून घ्यावा.

वही कोषाध्यक्षांकडे ठेवली आहे. ज्यांच्या घरी आज्या-पणज्याचे डिस्चार्ज बुक, फोटो, पत्र असेल त्यांनी झेरॉक्स आणून द्यावी, मूळ कागद देऊ नयेत. आमचा स्वतःचा कागद १९६० च्या आसपास पावसात गेला, त्यामुळे आज्याची पलटण कितवी तेही आम्हाला सांगता येत नाही. १९४७ ला पंजाबात असलेला कोणी तुमच्या घरात होऊन गेला असेल तर मला जरूर भेटा. वहीचे पहिले पान माझ्या वडिलांनी भरले आहे, १९५६ च्या त्या स्टेशनाचे. त्यांचे अक्षर आता हलते, पण वाचता येते.

जेवणाची वेळ होऊन गेली, बाया केव्हाच्या पुऱ्या तळून बसल्या आहेत. इथेच थांबतो. जय भीम.